पीओपन चालला, पण कमांडचं काय?

सी शिकवणाऱ्या नोट्समध्ये कमांडचं आउटपुट वाचायचा एक ठरलेला नमुना असतो. पीओपन करा, नल आलंय का बघा, एफगेट्सच्या लूपमध्ये ओळी वाचा, शेवटी पीक्लोज. नल तपासलं म्हणजे एरर तपासली, असा समज त्यातून पक्का होतो. माझा आक्षेप यालाच आहे.

पीओपन कमांड थेट चालवत नाही. तो आधी शेल सुरू करतो आणि कमांड त्याच्या हातात देतो. नल येतं ते पाइप किंवा फोर्क जमला नाही, मेमरी मिळाली नाही, अशा वेळी. कमांडचं नाव चुकलं तरी शेल नीट सुरू झालेलाच असतो, त्यामुळे पॉइंटरही नीट मिळतो. मग शेल १२७ देऊन संपतो आणि आपल्या हातात येतं रिकामं आउटपुट.

रिकामं निदान खटकतं तरी! अर्धवट आउटपुट जास्त वाईट. समजा, सिम्युलेशनचा डेटा जीझिप केलेला आहे आणि प्रोग्राम तो झेडकॅटमधून वाचतोय. कॉपी होताना फाइल तुटली असेल तर झेडकॅट जमेल तेवढं उलगडून देतो, फाइल अचानक संपल्याची तक्रार एसटीडीएररवर टाकतो आणि १ देऊन बाहेर पडतो. पीओपन एसटीडीएरर पकडत नाही; क्लस्टरवर ती ओळ कुठल्या तरी लॉगमध्ये जाऊन पडते. एफगेट्सला एवढंच कळतं की शेवट आला. लूप थांबतो आणि सरासरी निघते अर्ध्या डेटाची. आलेख छान दिसतो. इथे एफएरर तपासूनही उपयोग नाही, कारण पाइप वाचताना खरंच काही बिघडलेलं नाही.

खरं काय झालं ते पीक्लोज सांगतो, आणि नमुन्यात नेमकं त्याचंच उत्तर फेकून दिलेलं असतं. ते उत्तरही सरळ एक्झिट कोड नसतं. लिनक्सवर १२७ च्या जागी ३२५१२ छापलेलं दिसेल. आधी उणे १ आलंय का बघायचं, मग डब्ल्यूआयएफएक्झिटेड, मग डब्ल्यूएक्झिटस्टेटस. आणि हे सगळं सरासरी छापायच्या आधी.

एवढं करूनही एक खाच उरते. झेडकॅटचं आउटपुट त्याच कमांडमध्ये ऑकला जोडलं असेल, तर शेल शेवटच्याचा, म्हणजे ऑकचा कोड देतो. ऑकच्या दृष्टीने सगळं आलबेल, म्हणून ०. पाइपफेल नावाचा ऑप्शन आहे, पण तो सगळ्या शेलमध्ये मिळेलच असं नाही, आणि पीओपन कुठला शेल वापरेल ते आपल्या हातात नसतं. मी तरी ऑकचं काम सीमध्येच करते.