अपराधाचे अधिकरण

संगणकाच्या साहाय्याने घडलेल्या अपराधाचा खटला कोठे चालवावा, यासंबंधी अमेरिकेच्या तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ११ एप्रिल २०१४ रोजी ऑर्नहायमर खटल्यात दिलेला निकाल कायद्याच्या अभ्यासकांस परिचित आहे. प्रस्तुत लेखकास तो व्याकरणाच्या दृष्टीने अधिक मननीय वाटतो.

हकीकत अशी. २०१० मध्ये एटी अँड टी या कंपनीच्या सर्व्हरमधून आयपॅडधारकांचे सुमारे १,१४,००० ईमेल-पत्ते काढून घेण्यात आले. आरोपी त्या वेळी आर्कान्सास राज्यात, त्याचा सहकारी कॅलिफोर्नियात आणि सर्व्हर टेक्सास व जॉर्जिया राज्यांत होते. खटला मात्र न्यू जर्सीत चालला व ४१ महिन्यांची शिक्षाही तेथेच झाली. कारण इतकेच, की ज्यांचे पत्ते गेले त्यांपैकी सुमारे ४,५०० जण त्या राज्याचे रहिवासी होते. अपील न्यायालयाने कायद्यातील दोनच क्रियापदे तपासली : अनधिकृत प्रवेश करणे आणि माहिती मिळविणे. यांपैकी एकही क्रिया न्यू जर्सीत घडली नसल्याने दोषसिद्धी रद्द झाली.

आपल्या वैयाकरणांनी या निर्णयास अधिक भक्कम आधार दिला असता. अधिकरण हे क्रियेला साक्षात् धारण करीत नाही. कर्त्याच्या अथवा कर्माच्या द्वारे धारण करते. बसणाऱ्याच्या द्वारे चटई ही बसण्याचे अधिकरण होते, तांदळाच्या द्वारे पातेले हे शिजविण्याचे. न्यू जर्सीत ना कर्ता होता, ना कर्म. तेथील रहिवाशांचा पत्त्यांशी असलेला संबंध निव्वळ षष्ठीचा; आणि शेषषष्ठीला पाणिनीय परंपरा कारक मानीत नाही. सरकारपक्षाची सारी इमारत या षष्ठीवर उभारलेली होती!

तथापि न्यायालयाने आपला भर कर्त्याच्या व्यापारावर ठेवला, तो सर्व धातूंना सारखाच लागू पडेल असे नाही. मुबारक अली अहमद वि. मुंबई राज्य (१९५७) हा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहावा. आरोपी कराचीत, पत्रे, तारा व टेलिफोन यांवर भिस्त ठेवून गोव्याच्या एका व्यापाऱ्याकडून मुंबईत पैसे उकळले गेले. आरोपी देहाने मुंबईत नसतानाही अपराध मुंबईतच घडला, असे न्यायालयाने ठरविले. हे योग्यच होय. ‘फसविणे’ या धातूचे फल फसलेल्याच्या ठायी असते. कोणी फसलाच नाही तर फसविणे झाले, असे म्हणता येत नाही. दोन्ही निकालांत विरोध दिसतो, तो धातू वेगळे आहेत हे न पाहिल्यामुळे.

हा विवेक आपल्याकडे आज विशेष अगत्याचा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १९९ अन्वये, कृत्य जेथे घडले किंवा परिणाम जेथे झाला, त्या दोन्ही ठिकाणी खटला चालू शकतो. परंतु ज्या परिणामामुळे कृत्य अपराध ठरते, तोच परिणाम तेथे अभिप्रेत आहे. हे बंधन सैल झाले, की नागपूरच्या माणसाला गुवाहाटीच्या न्यायालयात खेटे घालावयास लावणे फिर्यादीच्या मर्जीवर राहील. खर्च, वकील, साक्षीदार, भाषा, सर्वच बाबतींत तो निकालापूर्वीच शिक्षा भोगू लागेल.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७५ ची शब्दयोजना तर याहून ढिली आहे. परदेशी घडलेल्या कृत्यात भारतातील संगणक ‘अंतर्भूत’ असला म्हणजे पुरे. तो संगणक कर्म म्हणून, करण म्हणून, की संदेशाच्या वाटेवरील केवळ एक टप्पा म्हणून, हे त्या क्रियापदावरून मुळीच कळत नाही.