‘काव्येतिहाससंग्रह’ : एक परामर्श

विष्णुशास्त्री चिपळूणकर, काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक व शंकर तुकाराम शाळिग्राम या मंडळीनें १८७८ सालीं पुण्यास ‘काव्येतिहाससंग्रह’ हें मासिक काढिलें. तें १८८८ पर्यंत चाललें. दोनच वर्षें आधीं, १८७६ त, बेरूत येथें ‘अल्-मुक्ततफ’ हें अरबी मासिक निघालें होतें. पाश्चात्त्य शास्त्रें अरबींत आणावीं, हा त्याचा उद्देश. आमच्या मासिकाची दृष्टि घरोघरच्या जुन्या पोथ्यांकडे व दप्तरांकडे होती.

सभासदाची बखर, भाऊसाहेबांची बखर, तशींच पत्रें, यादी वगैरे साने यांच्या हातून यांत क्रमशः छापून निघालीं. पुढें १८९८ त राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड काढून अस्सल पत्रापुढें बखरीचें प्रामाण्य किती तोकडें, हें दाखविलें. तेव्हांपासून हा संग्रह निकामी झाला, असें कित्येक मानितात. आम्हांस तें मान्य नाहीं. तिथिनिर्णयास बखर पुरत नाहीं, हें खरें. तथापि १७६१ चा पानिपतचा घाव मराठी माणसानें कोणत्या शब्दांत सांगितला, हें पाहण्यास भाऊसाहेबांच्या बखरीकडेच जावें लागतें. शिवाय बखरींच्या जोडीस पत्रें छापून राजवाड्यांची वाट याच मासिकानें सुकर केली होती.

दोष दाखवावयाचा तर तो क्षेत्राचा. ऐतिहासिक भागाचा भर पेशवाईच्या मुलुखावर राहिला. खासगी संग्रहांवर चालणाऱ्या मासिकाची पोंच संपादकांच्या ओळखीपलीकडे सहसा जात नाहीं. आणि आमचा हा मांजरसुंब्याचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. जवळच कपिलधारेस ‘परमरहस्य’कार मन्मथस्वामींची समाधि आहे, याच जिल्ह्यांत अंबाजोगाईस दासोपंतांची वस्त्रावर लिहिलेली पासोडी आहे. असा मुलूख वाङ्मयानें दरिद्री म्हणतां येत नाहीं.

मासिक बंद पडलें, परंतु त्यानें छापिलें तें अभ्यासकांच्या हातीं राहिलें. न छापलेल्या पोथीस वाळवी व कसर यांपासून अभय नाहीं. यास्तव संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, मूळ पोथी हातची सोडवत नसेल तर सोडूं नये, पण नक्कल अवश्य करूं द्यावी. आणि नकलेसोबत लेखकाचें नांव, शक, गांव, कोणाच्या घरीं मिळाली तें व पाठभेद टिपून ठेवावे.