‘चवीपुरते मीठ’ म्हणजे किती?

उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी लागली, की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि मुलांच्या मासिकांत एक पान हमखास येते. मुलांनी घरच्या घरी करून पाहावेत अशा सोप्या पदार्थांचे. या विषयावर पुस्तकेही बरीच निघतात आणि शाळांच्या बक्षीस समारंभात ती आवडीने वाटली जातात. गेल्या सुट्टीत आम्ही अशी पाने आणि हाती लागलेली चार-पाच पुस्तके एकत्र करून वाचली. नुसती वाचली नाहीत, तर सातवी-आठवीतली नऊ मुले-मुली जमवून त्यांतल्या काही कृती त्यांच्याकडून करवूनही पाहिल्या. आम्ही मध्ये बोलायचे नाही, फक्त छापील कृती मुलांच्या हाती द्यायची, एवढाच नियम होता. स्वयंपाकाच्या लिखाणावर विज्ञानाच्या मासिकात कशाला लिहायचे, असे कोणाला वाटेल. पण प्रयोगवहीत ज्याला आपण ‘कृती’ म्हणतो आणि पाकशास्त्रात ज्याला ‘कृती’ म्हणतात, तो शब्द एकच आहे. तेव्हा एकीला लावायच्या कसोट्या दुसरीला लावून पाहायला हरकत नसावी.

पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती ‘सोपे’ या शब्दाचा अर्थ. या पुस्तकांत सोपे म्हणजे बहुतेक वेळा विस्तवाविना आणि सुरीविना. बिस्किटांचा चुरा करून त्यात दुधाची साय नि साखर कालवायची आणि त्याला केक म्हणायचे. पावाच्या कापांवर विकतची चटणी नि चीज लावून त्यांचे घड्याळ किंवा जोकर करायचा. यात वाईट काही नाही, मुलांना मजाही येते. पण हा स्वयंपाक नव्हे, ही मांडणी झाली. शिजवणे, भाजणे, आंबवणे, मळणे यांपैकी काहीच त्यात घडत नाही. कच्च्या वस्तूचे दुसऱ्याच वस्तूत रूपांतर होताना पाहण्याचा जो आनंद आहे, तोच नेमका काढून घेतलेला असतो. शिवाय लागणाऱ्या साहित्यातले निम्मे दुकानातून पुडीत येते, आणि ते सगळ्यांच्या घरी येते असे गृहीत धरलेले असते.

खऱ्या स्वयंपाकाकडे जी थोडी पाने वळतात, त्यांची अडचण निराळी आहे. आम्ही मुलांना कांदेपोह्यांची कृती दिली. तिची सुरुवात ‘पोहे भिजवून घ्या’ अशी होती. एका मुलाने सरळ पातेल्यात पाणी घेतले, त्यात पोहे टाकले आणि तो कांदा चिरायला बसला. कांदा होईपर्यंत पोह्यांचा लगदा झाला होता. चूक त्याची नव्हती. हरभरे भिजवतात ते असेच, हे त्याने घरी पाहिले होते. पोहे मात्र भात भिजवून, भाजून, चेपून केलेले असतात. त्यांतला स्टार्च एकदा शिजलेलाच असतो, त्यामुळे त्यांना हवे असते ते फक्त पाणी, आणि तेही पटकन शोषता येईल इतकेच. म्हणून जाडे पोहे चाळणीत धुऊन निथळत ठेवायचे, दहा मिनिटांनी दाणा बोटात दाबून पाहायचा. पातळ पोह्यांना तर पाण्याचा शिडकावाच पुरतो. हे सांगायला तीन वाक्ये लागतात. त्या पानावर तीन वाक्यांची जागा नव्हती असे नाही, कारण कढईला नाक-डोळे काढलेले एक मोठे चित्र तिथे होते.

त्याच कृतीत पुढे लिहिले होते, ‘फोडणी करून घ्या’. तीन शब्द! मराठी स्वयंपाकातली सर्वांत धोक्याची आणि सर्वांत शिकवणारी पायरी या तीन शब्दांत उरकली आहे. मोहरी तडतडते म्हणजे काय होते? दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि टरफल फोडून बाहेर पडते. म्हणजे तेल शंभर अंशांच्या बरेच वर गेल्याची ती खूण आहे, आपल्या आज्यांचा तो तापमापकच. मोहरी आधी आणि हळद-हिंग नंतर का? कारण पूड लगेच करपते. हळद पाण्यात न घालता तेलात का घालायची? तिच्यातले रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. एका वाटीत पाणी आणि एका वाटीत तेल घेऊन, चूलही न पेटवता, हे तुमच्या वर्गात दाखवता येईल.

‘चवीपुरते मीठ’, ‘मावेल तितके पीठ’, ‘खरपूस होईपर्यंत’, ‘मंद आचेवर’ हे शब्द ज्याला स्वयंपाक येतो त्याच्यासाठी आहेत. ज्याला येत नाही तो वाचक चवीपुरते म्हणजे किती हेच तर विचारायला आलेला असतो. अंदाज शब्दांत उतरत नाही, तो हातातच असतो, असे यावर म्हटले जाते. आम्हाला ते पूर्ण पटत नाही. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ निघाले. त्यात वाटी-चमच्याची मापे होती, आणि ज्यांच्या शेजारी उभे राहून सांगणारे कोणी नव्हते अशा कितीतरी जणी त्यावरून शिकल्या. अमेरिकेत १९५७ साली ‘बेटी क्रॉकर्स कुक बुक फॉर बॉइज अँड गर्ल्स’ नावाचे पुस्तक आले. त्यातल्या पाककृती छापण्याआधी मुला-मुलींच्या एका गटाकडून करवून घेतल्या होत्या आणि त्यांचे शेरेही पुस्तकात दिले होते. आपल्याकडच्या ज्या पुस्तकांविषयी आम्ही लिहीत आहोत, त्यांतल्या कृती एखाद्या मुलाने छपाईआधी करून पाहिल्याची खूण आम्हाला एकातही दिसली नाही.

मात्र नुसती मापे दिली की काम झाले असेही नाही. एका पुस्तकात भातासाठी ‘तांदळाच्या दुप्पट पाणी’ असे ठोक माप होते. मुलांनी एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी घातले, भात छान झाला. मग सगळ्यांसाठी चार वाट्यांना आठ वाट्या घातले, आणि भाताची पेज झाली नाही इतकेच. त्रैराशिक बरोबर होते, तरी उत्तर चुकले. असे का व्हावे, यावर मुले बराच वेळ भांडली. पाणी दोन वाटांनी जाते. काही तांदूळ पितो, ते तांदळाच्या प्रमाणात वाढते. काही वाफ होऊन उडते, ते मात्र भांडे, झाकण आणि वेळ यांवर ठरते, तांदळावर फारसे नाही. समजा, एक वाटी तांदूळ दीड वाटी पाणी पितो आणि अर्धी वाटी उडून जाते. मग चार वाट्यांना सहा अधिक अर्धी, म्हणजे साडेसहा वाट्या पुरेत, आठ नव्हेत. बीजगणित शिकवणाऱ्या कोणाही शिक्षकाला यात स्थिर पद आणि चल पद दिसेल. पुस्तकात एवढी ओळ असती, तर आमचा भात वाचला असता. पण मग ते भांडणही झाले नसते, हेही खरे.

‘का’ हा प्रश्न या पुस्तकांना जणू वर्ज्यच आहे. कोशिंबिरीत मीठ आयत्या वेळी घाला, असे एक पान सांगते. कारण सांगत नाही. मीठ लावलेल्या काकडीला दहा मिनिटांत पाणी सुटते, आणि ‘परासरण’ हा शब्द पाठ करणाऱ्या मुलाला ते परासरणच आहे हे कधी कळत नाही. आमटीत चिंच शेवटी घाला, असे दुसरे पान म्हणते. तेही बरोबर आहे. डाळीच्या पेशींना एकमेकींशी सांधणारे पेक्टिन आम्लात लवकर सुटत नाही, म्हणून चिंच आधी पडली तर डाळ शिजता शिजत नाही. विहिरीच्या जड पाण्यात डाळ टणक राहते त्यालाही हेच पेक्टिन कारणीभूत असते, फक्त तिथे कॅल्शियम त्याला घट्ट धरून ठेवते. बटाट्याच्या सारख्या आकाराच्या फोडी साध्या पाण्यात आणि लिंबू पिळलेल्या पाण्यात सारखाच वेळ उकळून पाहाव्यात, फरक बोटांना कळतो.

आणि एका ठिकाणी तर चक्क चूक छापली आहे. बटाटे लवकर शिजावेत म्हणून पाण्याला उकळी आल्यावर आच मोठी करावी, असा सल्ला दिला आहे. पाणी एकदा उकळू लागले की कितीही आच द्या, ते शंभर अंशांवरच राहते. जास्तीची उष्णता वाफ करण्यात जाते आणि गॅस वाया जातो. महाबळेश्वरला तर ते ९५-९६ अंशांनाच उकळते, म्हणून तिथे डाळीला जास्त वेळ लागतो. कुकरमध्ये दाबामुळे तेच पाणी १२० अंशांच्या आसपास पोहोचते. हे आपण आठवी-नववीत शिकवतो. त्याच मुलाच्या हाती सुट्टीत हे पान पडते.

सर्वांत राग येतो तो सुरक्षिततेच्या बाबतीत. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘मोठ्यांची मदत घ्या’ असे चौकटीत असते आणि जबाबदारी संपते. आमच्याकडे एका मुलीने उकळत्या पातेल्याचे झाकण स्वतःच्या बाजूने उचलले. वाफ मनगटावर आली. दुसरा मुलगा धावत टूथपेस्ट घेऊन आला. मध्ये न बोलण्याचा आमचा नियम तिथेच मोडला. खरे तर झाकण आपल्यापासून लांबच्या बाजूने उघडायचे, हे आम्ही सुरुवातीलाच सांगायला हवे होते. पुस्तकाला नावे ठेवण्याच्या नादात आम्हीही चुकलो. तिचा हात वीस मिनिटे वाहत्या नळाखाली धरला, फोड आला नाही. शंभर अंशांचे एक ग्रॅम पाणी ४० अंशांपर्यंत निवताना साठ कॅलरी उष्णता देते, पण एक ग्रॅम वाफेचे त्वचेवर नुसते पाणी होतानाच ५४० कॅलरी देऊन जाते. अप्रकट उष्म्याचा धडा त्या दिवशी कोणालाही वेगळा शिकवावा लागला नाही. पण तो असा शिकवला जाऊ नये.

मुलांच्या स्वयंपाकाच्या पुस्तकात पुढच्या गोष्टी कृतींच्या आधी यायला हव्यात. तेल पेटले तर पाणी मारायचे नाही. गॅस बंद करून झाकण टाकायचे आणि कढई हलवायची नाही. सिलिंडरमधला वायू हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो, आणि त्याचा जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा असतो. असा वास आला तर दिव्याचे बटण दाबायचे नाही, चालू असेल तर बंदही करायचे नाही. रेग्युलेटर बंद करायचा, दारे-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर पडायचे. भाजले तर वाहते पाणी. बर्फ, पेस्ट, शाई काही नाही. ही पुस्तके चाळताना या गोष्टी एकत्र आम्हाला कुठेही आढळल्या नाहीत.

आता ज्यासाठी हे लिहावेसे वाटले त्याकडे येतो. आमच्या नऊ जणांत एक आठवीतली मुलगी होती. तिचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. तेवढे महिने ती आजी आणि दोन भावंडांसह गावी राहते आणि पाचवीपासून चुलीवर भाकऱ्या करते. बिस्किटांच्या केकची कृती तिने वाचली, हसली आणि शेजारणीकडे दिली. ‘मोठ्यांची मदत घ्या’ हे वाक्य वाचून मात्र ती हसली नाही. या पानांना ती माहीतच नाही. त्यांच्या चित्रांत एप्रन बांधलेली मुलगी असते, आई मागे उभी असते, मुलगा असलाच तर ताट घेऊन बसलेला असतो. विस्तव नको, सुरी नको, अशी काळजी ज्या वयाच्या मुलांसाठी घेतलेली असते, त्याच वयाची मुले धुरात बसून घर सांभाळत आहेत, आणि त्यांच्यासाठी एक ओळही नाही.

इथे आम्ही थोडे अडखळतो. तिच्या कामाला ‘कृतीतून विज्ञान’ म्हणून गौरवणे सोपे आहे. पण ती ते हौसेने करत नाही. भाकऱ्या आटपून येताना तिचा पहिला तास अनेकदा बुडतो, आणि त्या बुडालेल्या तासाची भरपाई स्टार्चवरच्या चर्चेने होत नाही. चांगल्या पुस्तकाने तिचा तास परत मिळणार नाही. निदान बाकीच्या आठांना, त्यांतल्या पाच मुलग्यांना विशेषतः, भाकरी करता आली, तर पुढे एखाद्या घरात तरी ते काम वाटले जाईल, एवढीच आमची आशा आहे.

शेवटच्या दिवशी आम्ही पुस्तके बाजूला ठेवली आणि प्रत्येकाला स्वतःला येणारी एक कृती लिहायला सांगितले. दुसऱ्याने ती वाचून करायची, लिहिणाऱ्याने बोलायचे नाही. त्या मुलीने भाकरी लिहिली: ‘पीठ मळा, भाकरी थापा, भाजा.’ पुस्तकांसारखेच! ज्याच्या वाट्याला ती आली त्याने गार पाण्यात ज्वारीचे पीठ मळले, थापताना भाकरीच्या चिरफाळ्या झाल्या. ती ओठ दाबून बघत राहिली. मग तिने कागद परत मागून घेतला आणि पुन्हा लिहायला बसली. या खेपेला पान भरले. पाणी तळाशी बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवा आणि आधी उलथन्याने पीठ कालवा. (ज्वारीत गव्हासारखे चिवट ग्लूटेन नसते, गरम पाण्याने स्टार्च चिकट होतो तेव्हा पीठ धरून राहते, हे आम्ही नंतर बोललो.) तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवा, ते पुरते सुकायच्या आत उलटा, सुकले तर चिरा पडतात आणि भाकरी फुगत नाही.

वाटीचे माप मात्र नव्हते. त्या जागी होते, ‘एका भाकरीला दोन मुठी पीठ’. मूठ कोणाची, असे एकाने विचारले. तेव्हा तिने कागद पुन्हा ओढून घेतला आणि ‘मुठी’च्या आधी वर खूण करून ‘माझ्या’ असे लिहिले.