सुरक्षिततेचा नियम आणि नियमाबाहेरचा प्रवास : देवरी तालुक्याच्या संदर्भात समुच्चयक नियमनाची चिकित्सा

प्रस्तावना

मोबाइलवरील अ‍ॅपच्या साह्याने भाड्याचे वाहन बोलावण्याची पद्धत महाराष्ट्रातील महानगरांत रूढ झाली आहे. प्रवासी आणि चालक यांची गाठ घालून देणाऱ्या कंपनीला शासकीय परिभाषेत 'समुच्चयक' म्हटले जाते. या व्यवस्थेतील प्रवासी व चालक यांच्या सुरक्षिततेसाठी केंद्र व राज्य शासनाने गेल्या काही वर्षांत बरेच नियम केले. त्यांची चर्चा मात्र मुंबई-पुण्याच्या अनुभवावरच होत आली आहे. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील देवरी या आदिवासीबहुल तालुक्याच्या कसोटीवर हे नियम तपासले असता त्यांचे बळ आणि उणिवा दोन्ही अधिक स्पष्ट होतात.

नियमनाची वाटचाल

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ९३ मध्ये प्रवासी मिळवून देणाऱ्या दलालांना परवाना घेणे बंधनकारक होते. २०१९ च्या दुरुस्तीने समुच्चयकाची व्याख्या अधिनियमात आली आणि विनापरवाना व्यवसायासाठी किमान पंचवीस हजार ते कमाल एक लाख रुपये दंडाची तरतूद झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, तर जुलै २०२५ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली. महाराष्ट्राने मार्च २०१७ मध्येच 'सिटी टॅक्सी नियम' केले होते. तथापि परवान्याचा प्रश्न दीर्घकाळ लोंबकळत राहिला. मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला कंपन्यांना परवान्यासाठी अर्ज करण्याची मुदत घालून द्यावी लागली. राज्याचे समुच्चयक धोरण मे २०२५ मध्ये आले. म्हणजे वाहने आधी धावली आणि नियम मागून आले.

प्रवाशाची सुरक्षितता : ओळख आणि देखरेख

डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत अ‍ॅपद्वारे बोलावलेल्या टॅक्सीत तरुणीवर अत्याचार झाला. चालकाची पूर्वपार्श्वभूमी नीट तपासली गेली नव्हती, हे त्यातून उघड झाले. त्यानंतरच्या नियमांत पोलीस पडताळणी, प्रशिक्षण, वाहनाचे स्थान कळविणारे यंत्र, आपत्कालीन कळ आणि अहोरात्र चालणारा नियंत्रण कक्ष यांवर भर दिसतो. हा भर योग्यच आहे. परंतु केवळ ओळख पटविण्याने सुरक्षितता सिद्ध होत नाही, हे महाराष्ट्राने त्यापूर्वीच अनुभवले होते. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यातील एका बीपीओ कर्मचारी तरुणीचा, तिला कामावर नेण्यासाठी नेमलेल्या मोटारीच्या चालकानेच साथीदाराच्या मदतीने खून केला. चालक अनोळखी नव्हता; मोटारही ठरलेली होती. मोटारीत परका माणूस बसला आहे आणि वाट बदलली आहे, हे वेळीच पाहणारे कोणी नव्हते. म्हणून ओळखीपेक्षा देखरेख हे सुरक्षिततेचे खरे अंग ठरते. अ‍ॅप-आधारित व्यवस्थेचा मोठा गुण हा, की तिच्यात प्रत्येक फेरीची नोंद मागे राहते. हा गुण नाकारता येणार नाही.

चालकाची सुरक्षितता : नियमातील दुय्यम पात्र

२०२० च्या तत्त्वांनी चालकाला दिवसात बारा तासांहून अधिक काळ काम करण्यास मनाई केली, त्यानंतर दहा तासांची विश्रांती सक्तीची केली, तसेच पाच लाखांचा आरोग्य विमा व दहा लाखांचा मुदत विमा देणे समुच्चयकावर सोपविले. या तरतुदी स्वागतार्ह आहेत. मात्र चालकाने बारा तास काम का करावे, या प्रश्नाला नियम भिडत नाहीत. वाहनकर्जाचा हप्ता, इंधन आणि कंपनीचा वाटा वजा जाता हाती किती उरते, यावर थकवा ठरतो. आणि थकलेला चालक हा प्रवाशासाठीही धोकाच असतो. दोघांची सुरक्षितता वेगळी काढता येत नाही. शिवाय चालकाची कसून पडताळणी होत असताना मध्यरात्री मागे बसणारा प्रवासी चालकाला बहुधा एका नावापुरता आणि मोबाइल क्रमांकापुरताच ठाऊक असतो. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांना कायद्यात नाव दिले आणि समुच्चयकाच्या उलाढालीतून अंशदानाची तरतूद केली. देवरीहून नागपूरला जाऊन अ‍ॅपवर मोटार चालविणाऱ्या तरुणापर्यंत तिचा लाभ कसा पोहोचतो, यावरच तिचे मोल ठरेल.

देवरीच्या कसोटीवर

देवरी हे मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावरील, छत्तीसगडच्या सीमेलगतचे तालुक्याचे गाव. रेल्वेसाठी आमगाव गाठावे लागते, मोठ्या रुग्णालयासाठी गोंदिया. चिचगड, ककोडीकडील जंगलपट्ट्यातील गावांना एस.टी.नंतरचा आधार म्हणजे 'काळी-पिवळी'. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील एस.टी. कर्मचाऱ्यांच्या संपात शासनाने खासगी वाहनांना प्रवासी वाहतुकीची मुभा दिली, तेव्हा हे अवलंबन अधिकच उघड झाले.

येथे वाहन हातवारे करून थांबविले जाते. प्रवासाची नोंद नसते, चालकाचे नाव बहुधा विचारले जात नाही, जंगलात मोबाइलची रेंज सलग मिळत नाही. १ जानेवारी २०१९ नंतर नोंदणी झालेल्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना स्थाननिदर्शक यंत्र व आपत्कालीन कळ आवश्यक आहे. जुन्या जीपगाड्यांना हा नियम आपोआप लागू होत नाही. जादा प्रवासी बसविल्यास प्रत्येकी दोनशे रुपये दंड आहे. पण गाडी भरल्याशिवाय फेरी परवडत नाही, आणि तपासणी क्वचितच होत असेल तर दंड हा धंद्याचा खर्च म्हणून धरला जातो. जून २०१९ मध्ये शेजारच्या भंडारा जिल्ह्यात साकोलीजवळ कुंभली येथे काळी-पिवळी पुलावरून चुलबंद नदीत कोसळून विद्यार्थिनींसह सहा जणांचा मृत्यू झाला. ही वाहतूक समुच्चयक नियमांच्या कक्षेत येत नाही, कारण तिच्यामागे कोणतीही कंपनी नाही. परवाना रद्द करावा असा समुच्चयक नाही, आणि चालकाचा विमा उतरवावा असा मालकही नाही. चालक स्वतःच मालक असतो.

नियमांची नावेच त्यांचा दृष्टिकोन सांगतात. २०१७ चे नियम 'सिटी' टॅक्सीचे. २०२५ चे ई-बाइक टॅक्सी धोरण एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी. देवरीसारखी नगरपंचायत या रेषेच्या फार खाली राहते. सुरक्षितता हा प्रवाशाचा अधिकार मानला, तर तो लोकसंख्येच्या आकड्यावर अवलंबून ठेवता येत नाही.

समारोप

समुच्चयक नियमनाचा मूलभूत दोष असा, की त्याने सुरक्षिततेची जबाबदारी प्रवासाशी न जोडता मंचाशी जोडली. जेथे मंच आहे तेथे नोंद, विमा व तक्रारीची सोय. जेथे नाही तेथे प्रवाशाचे नशीब. ही दरी मिटविण्यासाठी महागडे तंत्रज्ञानच हवे असे नाही. थांब्यावर वाहन क्रमांक व सुटण्याची वेळ लिहिणारी नोंदवही, वाहनात चालकाचे नाव, परवाना क्रमांक व ११२ हा आपत्कालीन क्रमांक ठळक मराठीत, शक्य तेथे गोंडीतही, जुन्या वाहनांची काटेकोर योग्यता तपासणी आणि मालक-चालकांसाठी शासनाच्या साह्याने सामूहिक विमा, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. महानगरातील अ‍ॅपने शिकविलेला धडा, 'प्रत्येक फेरीचा कोणीतरी साक्षीदार असावा', हा आहे. तो धडा चिचगडच्या रस्त्यापर्यंत पोहोचेल, तेव्हाच या नियमनाला सार्वजनिक म्हणता येईल.