युनिया : एका स्वरचिन्हाचा प्रश्न

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (१६.७) अंद्रोनीक व युनिया ह्या दोघांना सलाम सांगितला असून प्रेषितांमध्ये त्यांची ख्याती असल्याचे म्हटले आहे. ह्यांतील दुसरे नाव स्त्रीचे की पुरुषाचे, हा वाद एका स्वरचिन्हावर उभा आहे. ग्रीक संहितेत ते द्वितीया विभक्तीत येते. उपान्त्य अक्षरावर तीव्र स्वर मानल्यास ते ‘युनिया’ हे स्त्रीनाम ठरते. अन्त्य अक्षरावर वक्र स्वर मानल्यास ‘युनियास’ हे पुरुषनाम होते. प्राचीनतम हस्तलिखितांत स्वरचिन्हे नाहीत. अर्थात निर्णय अन्य प्रमाणांवरच करावा लागतो.

युनिया हे लॅटिन नाव होय. रोमन कुलात जन्मलेल्या कन्येस कुलनामाचे स्त्रीरूप मिळे व दास्यमुक्त स्त्रियाही ते धारण करीत. रोममधील शिलालेखांत ह्या नावाचे अडीचशेहून अधिक दाखले मिळतात. उलट ‘युनियास’ ह्या पुरुषनामाचा एकही निश्चित दाखला उपलब्ध नाही. कुलनामाचे पुल्लिंगी रूप ‘युनिअस’ येथे बसत नाही, कारण त्याची ग्रीक द्वितीया निराळी होते. म्हणून ‘युनियानस’ ह्या नावाचा संक्षेप कल्पावा लागतो. इ. स. २०० च्या सुमाराच्या एका पपायरसात ह्या ठिकाणी ‘युलिया’ असा पाठ आहे. तो भ्रष्ट असला तरी लेखनिकाने स्त्रीच गृहीत धरली होती, हे त्यातून दिसते. ४०७ मध्ये निवर्तलेला ग्रीकभाषी भाष्यकार ख्रिसोस्तोम तर ह्या स्त्रीला प्रेषित म्हणवून घेण्यास योग्य ठरवून तिची प्रशंसा करतो.

असे असता इरॅस्मसच्या १५१६ च्या आवृत्तीपासून बहुतेक मुद्रित ग्रीक आवृत्त्यांत टिकलेले स्त्रीरूप १९२७ च्या नेस्ले-आवृत्तीत बदलले, आणि १९९८ मध्ये पुन्हा प्रस्थापित झाले. मधल्या काळात कोणतेही नवे हस्तलिखित पुरुषनामाच्या बाजूने पुढे आले नव्हते. स्त्री प्रेषित असणे संभवत नाही, हा पूर्वग्रहच पुराव्याच्या जागी बसला होता.

२००१ मध्ये बुरर व वॉलेस यांनी नाव स्त्रीचे मानूनही मूळ शब्दांचा अर्थ ‘प्रेषितांना सुपरिचित’ असा लावला. हा अर्थ विवाद्य आहे. ख्रिसोस्तोमाचे वाचन त्याच्या विरुद्ध जाते. तथापि नाव व पद हे दोन भिन्न प्रश्न आहेत. पदाविषयीच्या अपेक्षेने नावाचे लिंग ठरविणे म्हणजे निष्कर्षालाच प्रमाण मानणे होय.