बाल्कनी आत घेतलेली माणसं

क्रूझचं बुकिंग करताना खोल्यांच्या पायऱ्या दिसतात. सगळ्यात खाली ‘इंटिरियर’, म्हणजे खिडकीच नसलेली केबिन. तिच्यावर ‘ओशन व्ह्यू’, म्हणजे खिडकीवाली. मग ‘बाल्कनी’. आणि सगळ्यात वर ‘स्वीट’, जी आपण फक्त फोटोत बघायची.

आईबाबांना मुंबई-गोवा क्रूझवर न्यायचं ठरलं, तेव्हा मी खिडकी आणि बाल्कनी यांच्यामध्ये पंधरा दिवस अडकलो. फरक माझ्या फोनच्या चार ईएमआयइतका होता. परवडलं असतं, पण उगाच कशाला, असंही वाटत होतं. मी इंजिनियर आहे, त्यामुळे एक्सेल शीट केली. खिडकीच्या केबिन बहुतेकदा खालच्या डेकवर असतात. तिथे बोट कमी हलते आणि आईला बोट लागायची भीती होती, म्हणून खिडकीला एक गुण. खिडकी उघडत नाही, म्हणून एक वजा. बाल्कनीत वारा मिळतो, पण काही बाल्कन्यांसमोर लाइफबोट टांगलेल्या असू शकतात. बाल्कनीतून एकच बाजू दिसते. वरच्या मोकळ्या डेकवर गेलं तर चारी बाजू दिसतात, तेही तिकिटातच.

शीटने उत्तर दिलं नाही. म्हणून मी वाचायला लागलो. हा लेख त्या वाचनाबद्दल आहे, आणि मी ते कसं चुकीचं केलं त्याबद्दलही.

पॉश

आधी एक गमतीचा शब्द. ‘पॉश सोसायटी’, ‘पॉश हॉटेल’ आपण रोज म्हणतो. या शब्दाची एक कहाणी सगळीकडे सांगितली जाते. इंग्लंडहून हिंदुस्थानात येणाऱ्या बोटींवर श्रीमंत लोक जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची केबिन घ्यायचे, कारण त्या बाजूला ऊन कमी. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’, त्याची आद्याक्षरं म्हणजे पॉश. कहाणी सुंदर आहे, पण खोटी मानली जाते. असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही.

पण खोट्या कहाणीलाही काहीतरी खरं माहीत असतं. एसी नसलेल्या त्या काळात केबिनची बाजू निवडायची ती सावलीसाठी. समुद्र बघायला कोणी पैसे मोजत नव्हतं. समुद्र बाहेर होताच, आठवडेच्या आठवडे.

समुद्र विकायचा, तोही खोलीतून, ही गोष्ट अलीकडची. 1984 साली ‘रॉयल प्रिन्सेस’ नावाची बोट आली. तिच्यावर प्रवाशांची एकही केबिन आतल्या बाजूची नव्हती, आणि बऱ्याच केबिनना बाल्कनी होती. नव्वदच्या दशकात बाल्कन्या वाढत गेल्या. 1999 च्या ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’वर काही केबिनना खिडकी होती, पण ती बोटीच्या आतल्या बाजाराकडे उघडणारी. 2009 च्या ‘ओएसिस ऑफ द सीज’वर बाल्कन्याच आतल्या बागेकडे तोंड करून आल्या. 2011 मध्ये ‘डिस्ने ड्रीम’ने बिनखिडकीच्या खोलीत गोल स्क्रीन लावला, त्यावर बाहेरच्या कॅमेऱ्याचं लाइव्ह चित्र. पुढे 2014 च्या ‘क्वांटम ऑफ द सीज’वर आतल्या खोल्यांत अख्खी ‘व्हर्च्युअल बाल्कनी’ आली, म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत स्क्रीन आणि त्यावर चितारलेला कठडासुद्धा.

व्हिडिओ स्ट्रीमिंगचं थोडंफार काम केल्यामुळे मला तो कठडा फार आवडला. समुद्राचं चित्र दाखवणं समजू शकतो, पण कठडा कशासाठी? ज्या कठड्यावर हात टेकता येत नाही, तो दाखवायचं कारण एकच. लोकांना नुसता समुद्र नको असतो. आपण समुद्रासमोर उभे आहोत, आपली अशी जागा आहे, हे हवं असतं.

हे मी तेव्हा नोंदवून ठेवलं. अर्थ नंतर कळला.

गोल खिडकीतला लेखक

क्रूझवर लिहिलेला सगळ्यात गाजलेला निबंध डेव्हिड फॉस्टर वॉलेसचा. ‘हार्पर्स’ मासिकाने 1995 मध्ये त्याला सात रात्रींच्या कॅरिबियन क्रूझवर पाठवलं. निबंध जानेवारी 1996 मध्ये छापून आला आणि पुढच्या वर्षी ‘अ सपोजेडली फन थिंग आय’ल नेव्हर डू अगेन’ या नावाने पुस्तकात. बोटीचं नाव होतं ‘झेनिथ’, म्हणजे डोक्यावरचा आकाशातला सर्वोच्च बिंदू. वॉलेसने ते बदलून ‘नेडिर’ केलं, म्हणजे बरोबर पायाखालचा. विनोदाचा सूर तिथेच लागतो.

त्याच्या केबिनचा नंबर 1009. तिला बाल्कनी नाही, एक मोठी गोल खिडकी आहे, आणि त्या खोलीत तिचं स्थान त्याला एखाद्या कॅथेड्रलच्या रंगीत खिडकीसारखं वाटतं. माणसांच्या गर्दीची त्याला भीती, त्यामुळे तो बराच वेळ खोलीतच काढतो. समुद्राकडे बघतो तेव्हा त्याला मृत्यू आठवतो.

निबंधाचा सिद्धांत असा की, क्रूझ तुम्हाला लहान बाळ करते. सगळं आयतं, सगळं मऊ. पण आपल्या आतलं बाळ कधीच तृप्त होत नसतं. शेवटी शेजारी दुसरी, जास्त झकपक बोट येऊन उभी राहते आणि वॉलेसला स्वतःचीच लाज वाटावी इतका हेवा वाटायला लागतो. पहिल्या दिवशी जे स्वर्गीय होतं, त्यात आता खोड्या दिसतात.

मला हे अगदी हवं तसं सापडलं. बुकिंगच्या पायऱ्या म्हणजे हेच यंत्र. खिडकी घेतली की बाल्कनी खुणावणार, बाल्कनी घेतली की स्वीट. मग खालच्याच पायरीवर थांबलेलं बरं. खिडकीला अजून एक गुण.

आज परत वाचताना दुसरी जागा जास्त टोचते. वॉलेस खोलीबाहेर अर्ध्या तासाहून जास्त गेला की खोली आवरलेली असते, आणि पेट्रा ती आवरताना त्याला कधी दिसत नाही. तो वेगवेगळ्या वेळी बाहेर जाऊन प्रयोग करतो, तिला पकडायला बघतो. सुरुवातीला त्याला वाटतं, हे म्हणजे अपराधी न वाटता आई मिळण्यासारखं आहे. मग अपराधी वाटायला लागतंच. ही पानं मी मोठ्याने हसत वाचली होती. त्यातला ‘आई’ हा शब्द मला अडला नव्हता.

फ्लॉरेन्समधली अदलाबदल

दुसरं पुस्तक ई. एम. फॉर्स्टरची 1908 ची कादंबरी ‘अ रूम विथ अ व्ह्यू’. 1985 च्या सिनेमामुळे ती बऱ्याच जणांना माहीत असते. निर्माता आपल्या मुंबईत जन्मलेला इस्माईल मर्चंट, आणि पटकथेसाठी रूथ प्रवर झाबवाला यांना ऑस्कर मिळालं.

सुरुवात थेट माझ्या प्रश्नापासून होते. लूसी ही तरुण मुलगी आणि शार्लट ही तिची वयाने मोठी, अविवाहित, नात्यातली बहीण फ्लॉरेन्सच्या एका खानावळवजा लॉजवर उतरल्यात. नदी दिसणाऱ्या खोल्या देतो असं सांगून मालकिणीने त्यांना मागच्या, अंगणाकडच्या खोल्या दिल्यात. जेवणाच्या टेबलावर ही कुरकुर चालू असताना इमर्सन नावाचा अनोळखी म्हातारा मध्येच बोलतो. आमच्याकडे व्ह्यू आहे, मला आणि माझ्या मुलाला, तुम्ही आमच्या खोल्या घ्या. शार्लट शहारते. एक पाद्री मध्यस्थी करतो आणि खोल्या बदलल्या जातात. पुढे लूसी त्या मुलाच्या, जॉर्जच्या प्रेमात पडते आणि कादंबरी त्याच लॉजवर येऊन संपते.

मी काढलेला निष्कर्ष असा की, व्ह्यू विकत मिळत नाही, तो कोणीतरी देतं. बाल्कनी समुद्राची खाजगी मालमत्ता करते. दोन बाल्कन्यांमध्ये पार्टिशन असतं ते उगाच नाही. उलट खिडकी म्हणते, इथे फार वेळ बसू नकोस, वर डेकवर जा, माणसांत जा. बाबांनीही नकळत दुजोरा दिला. ते लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटीने गावी जायचे, डेकवर चादर टाकून. “आपण काय खोलीत बसायला चाललोय का?” ते म्हणाले. वॉलेस, फॉर्स्टर आणि बाबा, तिघांचं एकमत. मी दोन खिडक्या बुक केल्या.

आईला विचारलं होतं. ती म्हणाली, “तुला योग्य वाटेल ते कर.” हे उत्तर नाही, हे मला त्या वेळी कळायला हवं होतं.

काचेतून

ट्रिप छान झाली. काचेवर बाहेरून खाऱ्या पाण्याचे डाग होते, पण समुद्र दिसत होता. बाबा दिवसभर वर डेकवर. आई सकाळी खोली आवरणारा मुलगा यायच्या आत पलंग नीट करून ठेवायची. “अगं, ते त्याचं काम आहे,” मी म्हणालो. “म्हणून काय झालं,” ती म्हणाली.

दुसऱ्या संध्याकाळी सूर्यास्त बघायला सगळी बोट वर लोटली होती. डीजे, सेल्फी, पोरांची पळापळ. आई दहा मिनिटं थांबली आणि खाली गेली. मी मागोमाग गेलो. ती खिडकीशी बसली होती, कपाळ जवळजवळ काचेला लावून.

“वर बरं नाही वाटत?”

“तसं नाही रे. साडी सांभाळा, केस सांभाळा, कोण धक्का मारतंय ते बघा. मला वाटलं होतं, केस मोकळे सोडून जरा वाऱ्यात बसेन. कोणी बघत नाही असं.”

मग लगेच म्हणाली, “पण हेही छान आहे.”

मी परत आल्यावर फॉर्स्टरचं पहिलं प्रकरण पुन्हा वाचलं. जे सुटलं होतं ते सगळं तिथेच होतं. इमर्सन म्हातारा खोली देताना म्हणतो की बायकांना व्ह्यू बघायला आवडतो, पुरुषांचं तसं नसतं. मी ते एका विक्षिप्त म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून सोडून दिलं होतं. शार्लट शहारते तीही नुसत्या शिष्टपणामुळे नाही. अनोळखी पुरुषांचे उपकार घेतले की एकट्या बाईला त्याची किंमत द्यावी लागते, हे तिला माहीत आहे. खोल्या बदलल्यावर ती मुद्दाम जॉर्जची खोली स्वतः घेते, लूसीला देत नाही. आणि इतक्या मिनतवाऱ्यांनी मिळालेल्या त्या खोलीत गेल्यावर आधी काय करते? खिडकीची दारं लावून घेते, मग कडी. दुसऱ्या दिवशी सकाळी लूसी मात्र खिडक्या सताड उघडते.

मी ही प्रेमकथा म्हणून वाचली, ‘व्ह्यू वाटून घ्यावा’ असं तात्पर्य काढलं आणि शार्लटला विनोदी पात्र समजलो. पण व्ह्यूसाठी आधी एक जागा लागते, जिथे आपण दुसऱ्याला दिसत नाही. पुरुषाला ती सहज मिळते. वॉलेस माणसांना घाबरून दार लावतो, तर खोलीही कोणीतरी आवरून जातं. त्याचा एकटेपणा खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण एकटं राहण्याची सोय त्याने गृहीत धरलेली आहे, आणि त्याच्या निबंधावर इतकं प्रेम करताना मीही ती गृहीत धरली. ‘खाजगी बाल्कनी म्हणजे चैन’ हे ज्याला घरात कायम स्वतःचं दार होतं, त्याने म्हणणं सोपं आहे.

आमच्या घरालाही बाल्कनी होती. दुसऱ्या मजल्यावर, समोर एक पांगारा. आई दुपारी तिथे बसायची, निवडायचं ताट घेऊन किंवा नुसतीच. मी अकरावीला गेलो तेव्हा अभ्यासाला जागा हवी म्हणून आम्ही बाल्कनी आत घेतली. आपल्याकडे सगळेच घेतात. शब्दही किती साधा आहे, ‘आत घेतली’. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी आली, टेबल आलं, दिवा आला. तिथे बसून मी इंजिनियरिंगची एंट्रन्स दिली, नंतर लॉकडाऊनमध्ये पहिल्या नोकरीचं कामही तिथूनच केलं. त्या टेबलावरून पांगारा छान दिसायचा.

आई तेव्हा काय म्हणाली होती ते मी आठवून पाहिलं. बहुधा हेच, की तुला योग्य वाटेल ते कर.

तर कोणी विचारलं, खिडकी की बाल्कनी, तर आता माझ्याकडे शीट नाही. बोट हलत असेल, बोट लागत असेल, तर खाली खिडकीत राहा. दिवसभर डेकवर राहणारे असाल तर बाल्कनीचे पैसे वाया जातील. पण त्याआधी बरोबर कोण येतंय ते बघा, आणि त्यांच्या घरातली बाल्कनी कोणी आत घेतली तेही.

मी टेबल अजून तिथून काढलेलं नाही. सरकती खिडकी काढून परत कठडा लावायला किती खर्च येईल, ते विचारून ठेवलंय. आईला अजून विचारलेलं नाही. या वेळी तिने उत्तर देईपर्यंत थांबायचं ठरवलंय.