पडद्याच्या मागून पाहिलेला ‘मंथन’

आमच्या गावात ‘मंथन’ आला तो डेअरीसमोरच्या पटांगणात. दोन वाश्यांना पांढरं कापड ताणून बांधलं होतं. दूध संस्थांचं महत्त्व लोकांना कळावं म्हणून त्या काळी या सिनेमाच्या सोळा मिलिमीटरच्या प्रिंट गावोगाव फिरवत. गडीमाणसं पडद्यापुढं बसली आणि बायका पडद्यामागं. मागून चित्र दिसतं, पण उलटं. अक्षरं उलटी, उजवा हात डावा. मी पोर असल्यानं दोन्हीकडं हुंदडत होतो. प्रिंट इतकी झिजलेली की पडद्यावर सारखा पाऊस पडत होता, आणि झोपडीतला प्रसंग आला की नुसता काळा गोळा. आईनं ‘मंथन’ पाहिला तो असा.

२०२४च्या जूनमध्ये तोच सिनेमा नवा होऊन थिएटरात लागला, तेव्हा मी आईला गावाकडनं पुण्याला आणलं. ‘नवा होऊन’ म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेली मूळ निगेटिव्ह काढून एकेक चौकट स्कॅन केली, डाग आणि ओरखडे घालवले, उडालेला रंग जागेवर आणला. हे काम फिल्म हेरिटेज फाउंडेशननं करवून घेतलं. श्याम बेनेगल आणि छायाचित्रकार गोविंद निहलानी यांनी त्यावर स्वतः नजर ठेवली. त्या वर्षीच्या मे महिन्यात तो कान महोत्सवात दाखवला गेला आणि डिसेंबरात बेनेगल गेले. १९७६ साली हा सिनेमा गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून उभा केला होता. नवा करायचा खर्चही गुजरातच्या दूध महासंघानंच उचलला.

पहिल्याच प्रसंगात आई हसली. डॉक्टर राव आणि त्याची माणसं गाडीतून उतरतात, तर स्वागताला स्टेशनवर कुणीच नाही, कारण गाडी चक्क वेळेवर आलेली! कथा आपल्याला ठाऊक आहे. मिश्राची खासगी डेअरी गावाचं दूध कवडीमोलानं घेते. राव फॅट तपासून त्याप्रमाणं दर देणारी सहकारी संस्था काढू बघतो. सरपंचाला संस्था हवी, पण ती आपल्या मुठीत. हरिजन वस्तीतला भोला आधी रावच्या विरोधात असतो, नंतर तोच संस्थेचा कणा होतो. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची आहे, म्हणून गाव गोड नाही. दूध एका कॅनमध्ये ओतलं तरी माणसं एका रांगेत उभी राहत नाहीत, हे तेंडुलकरांना पक्कं माहीत होतं.

नव्या प्रतीत हे सगळं जास्त टोचतं. राजकोटजवळच्या त्या गावातली धूळ आता खरीखुरी धूळ दिसते. नसीरुद्दीन शाहनं तेव्हा झोपडीत राहून धार काढायला, शेणी थापायला शिकून घेतलं होतं. त्याच्या भोलाच्या उभं राहण्यात ते आता दिसतं. सगळ्यात मोठा फरक पडलाय तो स्मिता पाटीलच्या बिंदूत. जुन्या प्रिंटमध्ये मला फक्त तिचा आवाज आठवत होता. आता त्या काळ्या गोळ्याच्या जागी तिचं तोंड आहे. नजर आधी संशयाची, मग हळूहळू निवळलेली.

पण चित्र स्वच्छ झालं की सिनेमाची खोटही स्वच्छ दिसते. मिश्रा बिंदूच्या नवऱ्याला हाताशी धरतो आणि रावनं तिच्या अब्रूला हात घातला अशा कागदावर बिंदूचा अंगठा उठवून घेतला जातो. इथून पुढं सिनेमा रावच्या बदलीमागं आणि भोलाच्या जिद्दीमागं जातो. शेवटी गाडी सुटते, भोला धावतो, संस्था चालू राहते. ते भारी आहे. पण म्हैस बांधणारी, शेण काढणारी बाई तिथंच, कागदापाशी राहून जाते. तिला काय वाटलं, हे विचारायला पटकथेला सवड होत नाही. निहलानींचा कॅमेरा तिच्या तोंडाकडं बघतो, कथा मात्र बघत नाही. हा मोठा सिनेमा आहे हे मान्य करूनही मी ही खोट मोजणार.

खरं तर ती मला दाखवली आईनं. परत येताना रिक्षात ती म्हणाली, “त्या कागदावर काय लिवलंय, ते त्या बाईला कुणी वाचून दावलं का रं?”

मी म्हटलं, “नाही. म्हणून तर फसली ती.”

आई बाहेर बघत म्हणाली, “मला तरी कुटं वाचून दावलंवतं.”

मला कळायला थोडा वेळ लागला. दादा गेले तेव्हा डेअरीचं सभासदत्व माझ्या नावावर केलं होतं. मी पुण्यात नोकरीला. आयुष्यात कधी कासेला हात लावलेला नाही. पहाटे धार काढणारी आई, फॅट कमी लागली तर दादांची बोलणी खाणारीही आईच. संमतीचा कागद मीच घेऊन गेलो होतो. शाईचं पॅड पुढं धरून म्हटलं होतं, “इथं अंगठा दे गं.” तिनं दिला. मी मिश्रा नव्हतो, एवढंच काय ते समाधान.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, “आपण सभासदत्व तुझ्या नावावर करून घेऊ.”

ती चहा गाळत होती. “आता करून काय? म्हसरं इकून तीन वर्सं झाली.”

पडद्यापुढं बसून मी ‘मंथन’ दोनदा पाहिला. आईनं एकदा मागून आणि एकदा पुढून. दोन्ही वेळा तिला बिंदूच दिसली. रंग, ओरखडे, धूळ हे सगळं नीट करता आलं, ते बरंच झालं. कागद मात्र अजून माझ्याच नावावर आहे.